हायब्रिड घेताय? आधी कारण पक्कं करा

शोरूममध्ये हायब्रिड गाडीभोवती फेऱ्या मारणाऱ्या माणसाला ‘हीच का घेताय?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : ‘अॅव्हरेज चांगलं देते म्हणून.’ उत्तर खोटं नसतं. पण पाच-दहा मिनिटं बोलत राहिलं की बाकीची कारणं पुढे यायला लागतात. रोज हिंजवडीला जाता-येता क्लच दाबून डावा गुडघा दुखतो. सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाही. जुनी डिझेल काढायची आहे आणि नवी डिझेल घ्यायचा धीर होत नाही. मुलगी कॅलिफोर्नियात असते आणि ती म्हणते, ‘बाबा, घेताय तर हायब्रिडच घ्या.’ गार हवा सोडणाऱ्या सीट हव्या आहेत आणि त्या हायब्रिडच्याच वरच्या मॉडेलमध्ये मिळतात. यातल्या एकाही कारणाची लाज वाटायला नको. मात्र प्रत्येक कारणाचा हिशेब वेगळा असतो आणि पुष्कळदा गाडीही वेगळी निघते. आरामासाठी घेतलेली गाडी बचतीच्या आकड्यांनी मोजली तर फसल्यासारखं वाटतं. बचतीसाठी घेतलेली गाडी महिन्यातून चार वेळा भाजी आणायला निघाली, तर खरंच फसगत होते. म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी आपलं खरं कारण कोणतं ते ओळखावं, आणि ते घरात सगळ्यांसमोर मोकळेपणाने बोलावं.

त्याआधी एक गोंधळ मिटवून घेऊ. आपल्याकडे माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन प्रकारच्या हायब्रिड विकल्या जातात आणि सेल्समन दोन्हींना नुसतं हायब्रिडच म्हणतो. माइल्डमध्ये एक छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करते, पण नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ अशा तंत्रासह आणली, तेव्हा केंद्राच्या फेम योजनेचं अनुदानही तिला मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिडचं ते अनुदान बंद झालं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतः चाकं फिरवते आणि कमी वेगात गाडी इंजिन बंद ठेवून पुढे सरकते. होंडा सिटीची हायब्रिड २०२२ च्या मे महिन्यात आली, त्याच वर्षी सप्टेंबरात टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा आल्या, पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आणि २०२३ मध्ये मारुती इन्व्हिक्टो. ग्रँड विटारा तर दोन्ही प्रकारांत मिळते. तेव्हा कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा : इंजिन बंद असताना ही गाडी चालते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर या लेखातले पुढचे आकडे तुमच्या गाडीला लागू नाहीत.

स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी किती लहान असते, हे कळलं की तिच्याबद्दलच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या बॅटरीत ०.७६ युनिट वीज मावते. घरातला दीड टनाचा एसी तेवढ्यावर जेमतेम अर्धा तास चालेल. एवढ्याशा विजेवर गाडी कोसच्या कोस जाणार नाही, आणि तिने तसं जावं अशी अपेक्षाही नाही. ब्रेक दाबल्यावर एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मोटर विजेच्या रूपात पकडते, बॅटरी ती थोडा वेळ सांभाळते आणि गाडी पुन्हा हलवायची वेळ आली की परत देते. शिवाय या गाड्यांची इंजिनं अॅटकिन्सन पद्धतीची असतात. ती इंधन काटकसरीने जाळतात, पण जागेवरून उचल घ्यायला थोडी कमी पडतात, आणि ती उणीव मोटर भरून काढते. प्लग कुठे लावायचा हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण या गाड्यांना प्लग नसतो. भरायचं ते पेट्रोलच.

यातून बचतीचा पहिला नियम आपोआप निघतो : जिथे वारंवार थांबावं लागतं, तिथे हायब्रिडचा फायदा सर्वांत जास्त. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता ती जे करून दाखवेल, ते समृद्धी महामार्गावर दाखवणार नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तिथे गाड्यांना १२० ची वेगमर्यादा आहे. त्या वेगाला इंजिन जवळपास सतत चालू राहतं, ब्रेक क्वचित लागतो आणि पकडायला वाया जाणारी शक्तीच फारशी नसते. घाटाबद्दलही एक गैरसमज ऐकू येतो, की उतारावर बॅटरी भरून निघते आणि मग पुढचा प्रवास फुकट होतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरच्या आसपास खाली येते. त्या उतारातून मिळू शकणारी शक्ती या छोट्या बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या कितीतरी पट असते, त्यामुळे घाट अर्धा उतरायच्या आतच बॅटरी भरते आणि पुढे इंजिनाचा अवरोध आणि ब्रेक यांच्यावरच काम भागवावं लागतं. टोयोटाच्या गाड्यांत त्यासाठी गियरच्या दांड्यावर ‘बी’ अशी जागा दिलेली असते. लांब उतारावर ती वापरावी.

आता पैशांचा हिशेब. तो सविस्तर मांडतो, कारण लोक कारण म्हणून तोच सांगतात आणि करत मात्र नाहीत. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या टॉम टरेंटाइन आणि केन कुरानी या संशोधकांनी तिथल्या ५७ कुटुंबांशी त्यांच्या गाडीखरेदीबद्दल सविस्तर बोलून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंधनखर्चाचा पद्धतशीर हिशेब करून गाडी घेतलेलं एकही कुटुंब त्यांना सापडलं नाही.

आपण तो करून पाहू. अधिकृत चाचणीत ग्रँड विटारा आणि हायरायडर लिटरला २७.९७ किलोमीटर जातात, सिटीचा आकडा ती आली तेव्हा २६.५ होता. हे आकडे चाचणीकेंद्रातले, एसी लावून गर्दीत अडकलेल्या गाडीचे नव्हेत. शहरातल्या वापरासाठी हायब्रिडला २० आणि तेवढ्याच आकाराच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला १२ किलोमीटर धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये. दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक दोन लाख. तो मॉडेलप्रमाणे बदलेल, तेव्हा तुमच्या कोटेशनवरचा आकडा घाला.

महिन्याचं रनिंग १,००० किलोमीटर असेल, तर वर्षाचे १२,००० किलोमीटर. साधी गाडी १,००० लिटर पेट्रोल पिईल, हायब्रिड ६००. वाचलेल्या ४०० लिटरचे ४१,६०० रुपये होतात, म्हणजे वरचे दोन लाख वसूल व्हायला पावणेपाच-पाच वर्षं. रनिंग दुप्पट असेल तर अडीच वर्षांच्या आतच पैसे निघतात. आणि महिन्याला ५०० किलोमीटरच होत असतील, तर साडेनऊ वर्षांहून जास्त. ही शेवटची ओळ निवृत्त मंडळींनी आणि घरून काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावी. रनिंग मुख्यतः महामार्गावरच असेल तर चित्र आणखी बदलतं. तिथे साधी गाडी १६ आणि हायब्रिड २१ देते असं धरलं, तर १२,००० किलोमीटरमागे वर्षाला साडेअठरा हजारांच्या आसपासच वाचतात आणि दोन लाख फिटायला दहा वर्षं पुरत नाहीत. गाडी कर्जावर घेत असाल, तर त्या वरच्या दोन लाखांवरचं व्याजही यात मिळवा.

अजून एक पायरी आहे, आणि ती शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. कारण फक्त पैसा असेल, तर शर्यतीत हायब्रिड पहिली येतच नाही. वरच्याच हिशेबाने साध्या पेट्रोल गाडीचा किलोमीटरमागे खर्च साडेआठ रुपयांच्या पुढे जातो, हायब्रिडचा सव्वापाचच्या आसपास येतो. सीएनजी किलोला ९० रुपये आणि गाडी किलोमागे २२ किलोमीटर धरली, तर चार रुपये. आणि घरच्या मीटरवर युनिटला १० रुपये देऊन सहा किलोमीटर जाणारी विजेवरची गाडी पावणेदोन रुपयांच्या आत. पंपावरच्या रांगेत थांबायची तयारी असेल आणि डिकीतल्या टाकीची अडचण वाटत नसेल, तर पैशांच्या दृष्टीने सीएनजी घ्यावी. बंगल्यात राहत असाल आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच लांब जात असाल, तर विजेवरची. मग हायब्रिड कुणाची? शहरात भरपूर फिरणाऱ्याची, ज्याला सीएनजीची रांग परवडत नाही आणि चार्जरची सोय होत नाही त्याची. असे लोक पुण्या-मुंबईत, नाशकात, ठाण्यात खूप आहेत. पण म्हणून सगळेच तसे नाहीत.

सरकारी सवलतीच्या आशेने हायब्रिडकडे वळू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यात चार मीटरपेक्षा लांब स्ट्राँग हायब्रिडवर ४० टक्के कर आहे आणि त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवरही ४० टक्केच. विजेवरच्या गाडीला ५ टक्के. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवरची टोलमाफी विजेवरच्या गाड्यांसाठी आहे. हायब्रिडची नंबरप्लेट पांढरीच असते, हिरवी नाही, आणि टोलनाक्यावर ती पेट्रोल गाडीच ठरते. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडवरचा नोंदणी कर माफ केला होता. नोएडात राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेली किंमत आणि तुमचं इथलं कोटेशन जुळत नसेल, तर याचा विचार करा.

आता आरामाबद्दल. माझ्या मते आपल्या शहरांत हायब्रिड घ्यायचं हे सर्वांत भक्कम कारण आहे, आणि लोक नेमकं तेच उघडपणे सांगायला बिचकतात. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणं जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये चौथं होतं; १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. रोज असे दोन-अडीच तास गाडीत काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या पाठीसाठी, गुडघ्यासाठी आणि डोक्याच्या शांततेसाठी दोन लाख जास्त मोजले, तर त्याला उधळपट्टी का म्हणावं? फक्त एक गोष्ट वेगळी काढून पाहा. गुडघ्याचा त्रास साध्या ऑटोमॅटिकनेही थांबतो, कारण क्लच तिलाही नसतो. हायब्रिड त्यावर काय जास्त देते, हे विचारा. रांगेत इंच-इंच सरकताना ती मोटरवर चालते, म्हणून हिसका नाही, थरथर नाही. स्वस्त एएमटी गाड्यांत गियर बदलताना पुढे-मागे डोलायला होतं, ते इथे होत नाही. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद झालं तरी गार हवा येत राहते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. एप्रिल-मे महिन्यात लहान मूल किंवा वयस्क आई-वडील मागे बसलेले असतील, तर हा फरक अगदी जाणवण्यासारखा असतो.

ज्यांना गाडी चालवण्यातच आनंद मिळतो, त्यांनी मात्र जरा थांबून विचार करावा. चढावर पूर्ण दाब दिला की या गाड्यांचं इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि वेग मागाहून वाढतो. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमधलं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. घाटात गाडी भरलेली असताना त्याचा आवाज आत येतो. सिटीचं चार सिलिंडरचं इंजिन इथे सरस वाटतं. ताम्हिणीच्या वळणांवर गियर टाकत जाण्याची हौस असलेल्याला हायब्रिड फार काळ रिझवू शकेल असं मला वाटत नाही, मग पेट्रोल कितीही वाचो.

चार्जिंगची अडचण हे कारण गेल्या काही वर्षांत फार वेळा ऐकू येऊ लागलं आहे. भाड्याच्या घरात राहणारे, रस्त्यावर गाडी लावणारे, समितीच्या बैठकांत चार्जरचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला जातो अशा सोसायट्यांतले सभासद, गणपतीला कोकणात आडगावी जाणारे : यांच्यासाठी हायब्रिड हा व्यवहार्य मार्ग आहे, यात शंका नाही. पण या कारणाला मुदत असते. दोन वर्षांत नव्या घरात जाणार असाल, सोसायटीत विजेचं काम मंजुरीला आलं असेल, तर आठ-दहा वर्षं वापरायची गाडी आजच्या अडचणीवर ठरवू नका. अशा वेळी जुनी गाडी अजून दोन वर्षं चालवणं हाही एक पर्याय असतो, आणि त्याला शोरूमचा खर्च शून्य येतो. उलट, गावाकडचं घर, आजारी आई-वडील, अवेळी निघायची वेळ हे सगळं आणखी दहा वर्षं तसंच राहणार असेल, तर पाच मिनिटांत टाकी फुल करून निघता येणं हे फार मोठं सुख आहे.

डिझेल सोडून येणाऱ्यांचं म्हणणं थोडं वेगळं असतं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, आणि इथेही उद्या असंच काही झालं तर काय, ही भीती लोकांच्या मनात बसली. दिल्लीचा तो नियम राजधानी परिसरापुरता आहे. महाराष्ट्रात पासिंग झालेल्या गाडीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही विकताना किंमत पडेल ही काळजी रास्त आहे. इनोव्हा घेणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो : डिझेल क्रिस्टा घ्यायची की पेट्रोल हायब्रिड हायक्रॉस? सात माणसं, सामान आणि मुख्यतः लांबचा महामार्ग असेल, तर मी अजूनही डिझेलच्या बाजूने बोलेन. शहरातली फिराफिर जास्त आणि मागे बसणारे ज्येष्ठ असतील, तर हायक्रॉस.

पर्यावरणासाठी हायब्रिड घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी स्पष्ट बोलतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या हिशेबातले ४०० लिटर वाचले, तर वर्षाला नऊशे किलोंपेक्षा जास्त वाचला. हे थोडं नाही. शिवाय शाळेच्या फाटकाशी, रुग्णालयाच्या आवारात, बोळातल्या गर्दीत इंजिन बंद असतं, आणि त्या हवेत श्वास घेणाऱ्यांना त्याचा फायदा ताबडतोब होतो. ‘आपली वीज कोळशाची, मग बॅटरी गाडीपेक्षा हायब्रिडच स्वच्छ’ हा युक्तिवाद मात्र तपासून घ्या. आयसीसीटी या संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात भारतातल्या मध्यम आकाराच्या बॅटरी गाडीचं आयुष्यभराचं उत्सर्जन, बॅटरी बनवण्यापासून कोळशाच्या विजेपर्यंत सगळं धरूनही, पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी आढळलं, आणि विजेत सौरऊर्जेचा वाटा वाढेल तसं ते आणखी घटत जातं. हायब्रिड मात्र शेवटपर्यंत पेट्रोलच जाळणार. तेव्हा पर्यावरण हेच तुमचं पहिलं कारण असेल आणि चार्जर लावता येत असेल, तर हायब्रिडवर थांबू नका. लावता येत नसेल, तर हायब्रिड घ्या आणि शक्य तिथे मेट्रोने जा. आणि रनिंग अगदीच कमी असेल, तर नव्या गाडीपेक्षा आहे ती नीट राखण्यात पर्यावरणाचं जास्त भलं आहे.

परदेशातल्या मुलांच्या सल्ल्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत हायब्रिड हा शब्द पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून आला. टोयोटाने प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आणली आणि २००० मध्ये अमेरिकेत. तिथे ती घेण्याची कारणं त्या जागेची आणि त्या काळाची होती. कॅलिफोर्नियात २००५ पासून २०११ च्या मध्यापर्यंत ठरावीक संख्येच्या हायब्रिडना पिवळे स्टिकर मिळत, आणि ते असले की गाडीत एकटाच माणूस असला तरी कारपूलच्या मोकळ्या मार्गिकेतून जाता येई. ऑफिसला रोज लवकर पोचणं हे पेट्रोलपेक्षा मोठं आमिष होतं. मध्यपूर्वेच्या तेलावरचं अवलंबन कमी व्हावं म्हणून हायब्रिड घेणारेही होते. सीआयएचे माजी संचालक जेम्स वूल्सी हे त्यातलं प्रसिद्ध नाव. आणि गाडी आपल्याबद्दल काहीतरी सांगते, म्हणून घेणारे तर पुष्कळच. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या एका पाहणीत प्रियस घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी हेच मुख्य कारण सांगितलं होतं. कमी इंधन हे कारण त्याच्या बरंच मागे होतं. स्टीव्हन आणि अॅलिसन सेक्सटन या भावाबहिणीने पुढे अर्थशास्त्राच्या पद्धतीने दाखवलं, की पर्यावरणाची कळकळ असलेल्या वस्त्यांत लोक प्रियसच्या सहज ओळखू येणाऱ्या आकारासाठी जास्त पैसे मोजायला तयार होते. आपल्याकडच्या हायब्रिड बाहेरून साध्या मॉडेलसारख्याच दिसतात, स्वतंत्र मार्गिका नाही, स्टिकरही नाही. मुलीचा सल्ला प्रेमाचा असतो, पण तिला कोणत्या कारणासाठी गाडी आवडली ते फोनवर नीट विचारून घ्या. ‘टिकते, त्रास देत नाही’ असं ती म्हणाली तर ते कारण इथेही लागू आहे, आणि आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी बॅटरीची वॉरंटी हायरायडर आणि सिटीवर मिळते.

वरच्या मॉडेलच्या सोयींसाठी हायब्रिड घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, की हा खर्च हायब्रिडच्या नावावर टाकू नका. हायक्रॉसच्या वरच्या श्रेणी हायब्रिडमध्येच येतात. छत, सीट, मोठा पडदा यांचे पैसे वेगळे काढा आणि उरलेला फरक इंजिनाचा समजा. तसं केलं की हिशेबही नीट बसतो आणि घरातली बोलाचालीही टळते.

कारण ठरलं की दोन-तीन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन तपासा. डिकी उघडून बघा. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे, हायब्रिडची ३०६. ग्रँड विटारामध्ये ३७३ ची २६५ होते, कारण बॅटरीला जागा लागते. तुमच्या घरातली नेहमीची बॅग बरोबर न्या आणि आत ठेवून पाहा. बॅटरी गार ठेवणारी हवेची जाळी कुठे आहे ते विचारा. अनेक हायब्रिडमध्ये ती मागच्या सीटजवळ असते, आणि तिच्यावर पिशव्या, उशा ठेवल्या किंवा कुत्र्याचे केस साचले तर बॅटरी तापते.

सहा महिने मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. गाडी सुरू करायला हायब्रिडमध्येही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि गाडी आठवड्यांमागून आठवडे उभी राहिली की ती मान टाकते. दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी पूर्ण सुरू करून काही वेळ तशीच चालू ठेवणारा, जमलं तर एक चक्कर मारणारा विश्वासू माणूस शेजारी आहे का, हे जाण्याआधी ठरवून ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. तुमची ऑफिसची वेळ सांगा, तुमच्याच रस्त्याने जा, एसी लावा, मागे घरच्यांना बसवा. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा. परत आल्यावर अॅव्हरेजचा आकडा लिहून घ्या आणि त्याच दिवशी, त्याच रस्त्याने, त्याच कंपनीची साधी ऑटोमॅटिक चालवून तिचाही आकडा घ्या. वरच्या हिशेबात २० आणि १२ च्या जागी हे दोन आकडे घाला. मग दोन्ही गाड्यांची ऑन-रोड कोटेशनं समोर ठेवा, विमा आणि अॅक्सेसरीजचे आकडे वेगळे लिहून मागा, आणि मागच्या सीटवर बसलेल्यांना विचारा की त्यांना कोणती आवडली.